कुरूप म्हणून कापलं, निघाला कॅन्सर: दाद मागायची तर सुरुवात कुठून करायची?

तळपायाला काळा डाग पडला. चालताना टोचतो म्हणून डॉक्टरांना दाखवला. "कुरूप आहे," म्हणाले आणि पट्टी लावायला दिली. चार महिन्यांनी त्यातून पाणी यायला लागलं, तेव्हा मलम दिलं. आणखी तीन महिन्यांनी जागा सुन्न करून ते कापून टाकलं. कापलेला तुकडा कचऱ्याच्या बादलीत गेला. पुढच्या पावसाळ्यात जांघेत अवधाण आलं, ते उतरेना. शेवटी मोठ्या रुग्णालयात गाठीचा तुकडा काढून तपासला आणि रिपोर्टवर शब्द आला: मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर.

हा माणूस मी उदाहरणासाठी रचला आहे. या लेखात शेवटपर्यंत त्याचीच फाइल समोर ठेवू, कारण त्वचेच्या कॅन्सरचं निदान हुकतं ते साधारण याच वाटेनं. त्वचेचा कॅन्सर म्हणजे उन्हात पडून राहणाऱ्या गोऱ्या लोकांचा आजार, हा समज पेशंटच्या डोक्यात असतो आणि पुष्कळदा डॉक्टरच्याही. मेलॅनोमा आपल्याकडे कमी आढळतो हे खरं. पण आढळतो तेव्हा बरेचदा ऊन न लागणाऱ्या जागी असतो: तळपाय, तळहात, नखाखाली. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो होता. आधी तो फुटबॉलचा मार वाटला, १९७७ मध्ये कॅन्सर असल्याचं कळलं आणि १९८१ मध्ये तो गेला.

"डॉक्टर चुकले" एवढं सिद्ध करून असल्या प्रकरणात काही मिळत नाही. अशी तक्रार जाते ग्राहक आयोगाकडे, आणि त्या आयोगापुढे दोन प्रश्न येतात. तुकडा तपासायला पाठवायलाच हवा होता अशी भेट कोणती? आणि त्या तारखेपासून निदान होईपर्यंत रोग किती पुढे सरकला? पुढची सगळी कामं या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर आणण्यासाठी आहेत.

आधी उपचार, आणि त्यासोबत ब्लॉक ताब्यात

निदान कळल्यावर पहिले काही आठवडे वकिलाचे नाहीत, कॅन्सरच्या डॉक्टरांचे आहेत. घरातल्या एकानं मात्र एक काम लगेच अंगावर घ्यावं. बायोप्सीचा तुकडा पॅथॉलॉजीवाले मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे पातळ काप काचेवर घेतले की झाली स्लाइड. ब्लॉक आणि स्लाइड लॅबमध्ये जपून ठेवलेले असतात आणि मागितले की मिळतात, सहसा सही घेऊन. परळचं टाटा मेमोरियल असो की दुसरं मोठं कॅन्सर रुग्णालय, तिथले पॅथॉलॉजिस्ट बाहेरचे ब्लॉक पुन्हा तपासूनच पुढचं ठरवतात. त्यामुळे ही धावपळ उपचारासाठी करावीच लागते आणि तीच पुढे पुराव्याला उपयोगी पडते.

ब्लॉक कुठून घेतला, कुठे दिला, परत कधी मिळाला, याची पावती प्रत्येक वेळी घ्या. ब्लॉक एकच असतो. तो हरवला तर पहिला रिपोर्ट बरोबर होता की चूक, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट, पहिल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन भांडू नका. राग येणारच. पण अजून तुमच्या हातात कागद नाहीत, आणि भांडण झाल्यावर ते मिळणं अवघड होतं. डॉक्टरांवर वा दवाखान्यावर हात टाकला तर महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदा आहे आणि तक्रारदाराचाच आरोपी होतो.

चूक कोणती आणि हलगर्जीपणा कोणता

निदान चुकणं म्हणजे आपोआप हलगर्जीपणा नव्हे. कसोटी इंग्लंडच्या १९५७ च्या बोलम खटल्यातून आली आणि सर्वोच्च न्यायालयानं ती २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात पक्की केली: त्याच शाखेचा, साधारण कौशल्याचा डॉक्टर त्या परिस्थितीत जसा वागला असता तसं हा वागला का? सर्वांत हुशार डॉक्टरला काय सुचलं असतं, हे तिथे विचारलं जात नाही.

म्हणून पहिल्याच भेटीत कुरूप समजणं हा मुद्दा लंगडा आहे. तळपायाला कुरपं हजारोंना होतात. पण तीच जागा चिघळते, महिनोन्‌महिने भरत नाही, रंग पसरतो, आणि तरी फक्त मलम बदललं जातं, तिथे मुद्दा उभा राहतो. न भरणारी जखम दिसली तर तुकडा तपासावा, ही वैद्यकातली अगदी प्राथमिक शिकवण आहे.

माझ्या मते सर्वांत भक्कम प्रकरणं दोन प्रकारची. पहिला प्रकार म्हणजे गाठ, मस किंवा डाग कापला किंवा जाळला आणि तपासणीला पाठवलाच नाही. आपल्याकडे "तीळ काढून मिळेल" अशा पाट्या लावलेल्या दवाखान्यांत हे सर्रास चालतं. कॉटरीनं किंवा लेझरनं जाळलं की तपासायला काही उरतच नाही. दुसरा प्रकार, रिपोर्ट आला, त्यात संशय लिहिला होता, पण तो फाइलीत पडून राहिला आणि पेशंटला कुणी फोन केला नाही. या दोन्हींत "माझ्या मते तसं वाटलं" असा बचाव फारसा चालत नाही, कारण इथे मत बनवण्याचा प्रश्नच आला नव्हता.

सर्वांत अवघड प्रकार म्हणजे पॅथॉलॉजिस्टनं स्लाइड चुकीची वाचली. काही मेलॅनोमा काळे नसतात, लालसर मांसाच्या गाठीसारखे दिसतात. काही निरुपद्रवी तीळ सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब कॅन्सरसारखे दिसतात. तिथे दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टचंही एकमत होत नाही, आणि सामनेवाल्यांना, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांना, नेमकं तेवढंच दाखवायचं असतं.

"इथे कॅन्सरची शंका कुणाला येणार?" असा युक्तिवाद होतोच. महाराष्ट्रात त्याला एक जुनं उत्तर आहे. कमरेला धोतर घट्ट बांधून वर्षानुवर्षं घासल्यामुळे त्या पट्ट्यात होणाऱ्या कॅन्सरची नोंद मुंबईचे डॉ. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ सालीच केली आहे. साडीच्या, परकराच्या नाडीखाली होणाऱ्या कॅन्सरबद्दलही पुढे मुंबईतून लिहिलं गेलं. भाजल्याच्या जुन्या वणावर अनेक वर्षांनी चिघळणारी जखम कॅन्सरची असू शकते, हे तर वैद्यकाला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. कमरेचा कातडी जाड झालेला, पांढरट पडलेला, मध्येच फुटलेला पट्टा कुणी दोन वर्षं नुसता नायटा म्हणून चालवला असेल, तर ही माहिती तुमच्या तज्ज्ञाकडून रेकॉर्डवर आणा.

डॉक्टरांची पदवीही बघून घ्या. होमिओपॅथीची पदवी असलेल्या डॉक्टरांनी ॲलोपॅथीची औषधं दिली आणि पेशंट दगावला, अशा मुंबईतल्या पूनम वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये म्हटलं की ज्या शाखेचं शिक्षण नाही त्या शाखेचे उपचार करणं हाच हलगर्जीपणा, वेगळं काही सिद्ध करायला नको. तिथे ३ लाख रुपये भरपाई मिळाली. महाराष्ट्रात त्यानंतर होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी एक पूरक अभ्यासक्रम सुरू झाला आहे. म्हणून नुसती पाटी वाचून थांबू नका. नोंदणी कोणत्या परिषदेत आहे ते तपासा.

तारखांचा तक्ता

वकिलाकडे जाण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि फक्त तारखा लिहा. आपल्या माणसाचा तक्ता असा दिसेल:

११ मार्च २०२३. पहिली भेट. वाटाण्याएवढा काळा डाग. "कुरूप". पट्टी. प्रिस्क्रिप्शन आहे.
१५ जुलै २०२३. दुसरी भेट. पाणी येतं, डाग मोठा. मलम, गोळ्या. प्रिस्क्रिप्शन नाही, औषध दुकानाचं बिल आहे.
२१ ऑक्टोबर २०२३. कापलं. तुकडा तपासणीला पाठवला नाही. पैसे मोबाइलवरून दिले, नोंद आहे.
६ ऑगस्ट २०२४. जांघेत गाठ. दुसऱ्या डॉक्टरांकडे.
२ सप्टेंबर २०२४. गाठीचा बायोप्सी रिपोर्ट, मेलॅनोमा.

यात निर्णायक तारीख कोणती? रोगाचं नाव कळलं ती २ सप्टेंबर ही तारीख घरच्यांच्या मनावर कोरलेली असते. खटल्यात वजन १५ जुलैला आणि २१ ऑक्टोबरला आहे. जुलैत तुकडा काढायला हवा होता. ऑक्टोबरात तर तो काढलेलाच होता, फक्त फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून लॅबला धाडायचा राहिला.

मेलॅनोमाची गंभीरता मिलिमीटरमध्ये मोजतात. अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टनं १९७० मध्ये दाखवून दिलं की गाठ कातडीत किती खोल उतरली आहे, त्यावर पेशंटचं पुढचं आयुष्य ठरतं. १ मिलिमीटरपर्यंतच्या गाठीचं आणि ४ मिलिमीटरच्या पलीकडच्या गाठीचं भवितव्य फार वेगळं असतं. जवळच्या लसिका ग्रंथीत (जांघेतली गाठ ती हीच) पोहोचला की रोग तिसऱ्या टप्प्यात मोजला जातो. आपल्या माणसाच्या बाबतीत मूळ गाठ कचऱ्यात गेल्यामुळे ती किती मिलिमीटर होती हे आता कधीच कळणार नाही. याचा तोटा तुम्हालाच का व्हावा? जो पुरावा डॉक्टरांच्या हातात होता तो त्यांनीच टाकून दिला असेल, तर त्यावरून निष्कर्ष त्यांच्या विरुद्ध काढावा, असं आयोगाला म्हणता येतं. हा मुद्दा तक्रारीत स्पष्ट शब्दांत लिहायला सांगा. बरेच वकील तो युक्तिवादाच्या दिवशी पहिल्यांदा काढतात आणि तोवर उशीर झालेला असतो.

जुने फोटो शोधा. पाय दिसेल असा लग्नातला, सहलीतला, देवळाच्या पायरीवरचा कोणताही फोटो चालेल. मोबाइलमधल्या मूळ फोटोत तारीख असते, व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतीत ती टिकत नाही, म्हणून मूळ फोन जपा. नखाखालच्या डागाला तर फोटोंचा फारच उपयोग होतो. मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. पायाचं नख पूर्ण नवं यायला १२ ते १८ महिने लागतात, पण सहा महिन्यांत डाग थोडा तरी पुढे गेलेला दिसायलाच हवा. सहा महिन्यांच्या अंतरानं काढलेल्या दोन फोटोंत पट्टा मुळापाशी तसाच, उलट रुंद झालेला दिसला, तर "मार लागला असेल" हा खुलासा टिकत नाही. मोबाइलवरचे फोटो आणि संदेश पुराव्यात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा नमुना वकिलाकडे असतो.

कागद मागायचे कसे

२००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत दोन गोष्टी आहेत. दाखल पेशंटचे कागद डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं सांभाळायचे, आणि पेशंटनं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे. पेशंटला कागद मिळालेच पाहिजेत, हे मुंबई उच्च न्यायालयानं १९९६ मध्येच सांगितलं आहे. अर्ज साधा असावा, आरोप एकही नको:

"मी आपल्या दवाखान्यात दि. ११ मार्च २०२३ ते २१ ऑक्टोबर २०२३ या काळात उजव्या तळपायाच्या तक्रारीसाठी उपचार घेतले. पुढील उपचारांसाठी मला माझे केसपेपर, छोट्या शस्त्रक्रियेची नोंद, संमतिपत्र, तपासणीला पाठवलेल्या नमुन्याची नोंद व अहवाल आणि बिलांच्या प्रती हव्या आहेत. नियमाप्रमाणे ७२ तासांत द्याव्यात. प्रतींचा खर्च मी भरेन."

दोन प्रती करा. एकीवर दवाखान्याचा शिक्का आणि तारीख घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, पोच जपून ठेवा. "तपासणीला पाठवलेल्या नमुन्याची नोंद" हे शब्द मुद्दाम घातले आहेत. अशी नोंद नाही असं लेखी उत्तर आलं, तर तुमचं अर्धं काम झालं. उत्तरच आलं नाही, तर नियम मोडल्याचा स्वतंत्र मुद्दा मिळाला.

सरकारी रुग्णालय असेल तर माहिती अधिकाराचा अर्जही करा. छोट्या दवाखान्यात केसपेपर मुळात नसतोच, डॉक्टर चिठ्ठीवर औषध लिहितात आणि चिठ्ठी पेशंटकडे राहते. तिथे औषध दुकानाची बिलं, मोबाइलवरून दिलेले पैसे, अपॉइंटमेंटचे संदेश आणि "डॉक्टर, हे बघा" म्हणून पाठवलेले फोटो कामी येतात. फोटो बघून सल्ला दिला असेल तर मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना लागू होतात. त्या सल्ल्याची नोंद ठेवणं हीसुद्धा डॉक्टरांचीच जबाबदारी.

तज्ज्ञाचं मत

प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ लागतोच असं नाही. हैदराबादच्या व्ही. किशन राव प्रकरणात पेशंटला मलेरिया होता आणि रुग्णालयानं टायफॉइडचे उपचार चालवले. जिल्हा मंचानं (आजचा जिल्हा ग्राहक आयोग) दिलेले २ लाख रुपये वरच्या आयोगांनी तज्ज्ञाचा पुरावा नाही म्हणून काढून घेतले होते. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये ते परत दिले आणि सांगितलं की चूक उघड दिसत असेल तर तज्ज्ञाचा आग्रह धरू नये.

तरीही मी म्हणेन, तज्ज्ञ गाठाच. तुकडा पाठवला नाही हे उघड दिसतं. पण पाठवला असता तर काय वाचलं असतं, हे कर्करोगतज्ज्ञाशिवाय कोण सांगणार? बहुतेक प्रकरणं इथेच घसरतात. इंग्लंडमधल्या ग्रेग विरुद्ध स्कॉट खटल्यात काखेतली गाठ साधी चरबीची समजून डॉक्टरांनी पेशंटला घरी पाठवलं होतं, ती लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची निघाली. डॉक्टर चुकले हे मान्य झालं. पण बरं होण्याची शक्यता मुळातच ४२ टक्के होती, ती २५ वर आली, म्हणजे वेळेत कळलं असतं तरी पारडं बरं न होण्याकडेच झुकलेलं होतं, असं म्हणत २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठानं भरपाई नाकारली. आपले ग्राहक आयोग इतके काटेकोर गणित मांडत नाहीत, पण सामनेवाल्यांचा वकील ते मांडणार, हे धरून चला.

तज्ज्ञाला "डॉक्टर चुकले का?" असं विचारू नका. डॉक्टर डॉक्टरविरुद्ध लिहायला कचरतात, आणि प्रश्न असा टाकला तर दार लगेच बंद होतं. असं विचारा: चार महिने न भरलेली, पाणी येणारी तळपायाची काळी जखम आली तर प्रचलित पद्धतीनुसार काय करायचं असतं? कापलेला भाग तपासणीला पाठवणं आवश्यक असतं का? ग्रंथीत पसरण्यापूर्वी निदान झालं असतं तर उपचार कोणते आणि किती खर्चाचे झाले असते, आता कोणते होतील? या तीन उत्तरांवर तक्रार उभी राहते. मत देणारा डॉक्टर शक्यतो दुसऱ्या शहरातला बघा. गावातल्या एकाच संघटनेत दोघे असतील तर तो नकार देईल, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

याच टप्प्यावर, कितीही कटू असलं तरी, प्रकरण सोडून द्यावं का याचाही विचार करा. त्वचेच्या कॅन्सरचा बेसल सेल हा प्रकार फार हळू वाढतो आणि शरीरात क्वचितच पसरतो. त्याचं निदान तीन महिने लांबलं आणि छोट्या शस्त्रक्रियेत काम भागलं, तर भरपाईसाठी वर्षानुवर्षं झिजण्यात अर्थ नाही. तोच डोळ्याच्या कोपऱ्यापाशी असून उशिरामुळे डोळा गेला असेल, तर गोष्ट वेगळी.

दोन वर्षांची मुदत

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. कारण घडलं कधी? तुकडा टाकून दिला त्या दिवशी, की कॅन्सर कळला त्या दिवशी? दडलेली चूक कळल्यापासून मुदत मोजावी, हे तत्त्व आपल्याकडे मान्य आहे. पण त्यावर विसंबू नका. गोव्यातल्या सरकारी रुग्णालयात नोकरी करणाऱ्या एका परिचारिकेच्या पोटात मुंबईतल्या शस्त्रक्रियेनंतर कापडी पट्टी राहिली होती. शस्त्रक्रिया १९९३ ची, पट्टी निघाली २००२ मध्ये, तक्रार २००४ मध्ये. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये हेच तत्त्व सांगितलं आणि तिचीच तक्रार मुदतबाह्य ठरवली: तुम्ही स्वतः परिचारिका, नऊ वर्षं दुखत असताना कारण का शोधलं नाही?

आपल्या माणसानं म्हणून २१ ऑक्टोबर २०२३ पासूनच दोन वर्षं मोजावीत आणि ती संपण्याआधी तक्रार दाखल करावी. ती मुदत हुकली तर २ सप्टेंबर २०२४ पासून मोजलेली मुदत, आणि सोबत विलंब माफीचा अर्ज. केमोथेरपी, रुग्णालयाचे मुक्काम, सगळं कागदासह त्यात लिहा. वकिलाची नोटीस पाठवल्यानं मुदत थांबत नाही, हेही ध्यानात ठेवा. नोटीस, उत्तर, प्रत्युत्तर यात वर्ष कसं जातं ते कळत नाही.

कुठे, किती खर्चात

वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून पक्कं आहे. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ती रुग्णालयं त्यातून बाहेर. जिथे काही पेशंट पैसे देतात आणि काहींना मोफत मिळतं, तिथला मोफत पेशंटही ग्राहकच. बिल विमा कंपनीनं किंवा नोकरी देणाऱ्यानं भरलं तरी तुम्ही ग्राहकच. पूर्ण मोफत सरकारी रुग्णालयाविरुद्ध मात्र दिवाणी न्यायालय किंवा उच्च न्यायालय ही वाट उरते.

कोणत्या आयोगात जायचं हे तुम्ही मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, सेवेसाठी दिलेल्या पैशांवर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. आपल्या माणसानं तीन भेटींत मिळून काही हजार दिले असतील, तर त्यानं कितीही लाखांची भरपाई मागितली तरी जिल्हा आयोगच. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क शून्य. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, पुण्याच्या डॉक्टरविरुद्ध लातूरला बसून. ई-जागृती या संकेतस्थळावरून ऑनलाइनही भरता येते. सुरुवातीची चौकशी १९१५ या हेल्पलाइनवर करा, किंवा ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना भेटा. १९७० च्या दशकापासून हे काम करणारी माणसं आहेत ती, त्यांच्याकडून फुकटात मिळणारा सल्ला पुष्कळदा फी देऊन मिळणाऱ्यापेक्षा बरा असतो.

वकील लावणं कायद्यानं सक्तीचं नाही. वैद्यकीय प्रकरणात तरी लावावा. "जिंकलो तर इतके टक्के" असा सौदा करणारा वकील टाळा. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून तसं ऐकलं असेल, तिथे ते रीतसर आहे. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांत निकालावर अवलंबून फी ठरवायला मनाई आहे.

तक्रारीत डॉक्टर, रुग्णालय आणि डॉक्टरांचा व्यावसायिक विमा असेल तर विमा कंपनी, तिघांना सामनेवाले करा. रुग्णालयात नेमकं कुणी पाहिलं ते माहीत नसलं तरी अडत नाही. सविता गर्ग प्रकरणात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते सांगितलं आहे.

भरपाईचे आकडे हवेत मारू नका. झालेला खर्च बिलांसह, पुढचा खर्च कर्करोगतज्ज्ञाच्या पत्रासह (मेलॅनोमाच्या इम्युनोथेरपीचा खर्च लाखांत जातो), बुडालेलं उत्पन्न सात-बारा, पगारपत्रक किंवा विवरणपत्रासह, प्रवास, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी. वेदनेची रक्कम वेगळी. भारतातली सर्वांत गाजलेली वैद्यकीय भरपाई त्वचेच्याच आजाराच्या चुकीच्या उपचारांबद्दलची आहे: कोलकात्यातल्या कुणाल साहा प्रकरणात २०१३ मध्ये मंजूर झालेले सुमारे ६ कोटी. तो आकडा बघून हुरळू नका. पत्नी १९९८ मध्ये गेल्यावर स्वतः डॉक्टर असलेला तो माणूस पंधरा वर्षं लढला.

पोलीस आणि मेडिकल कौन्सिल

पेशंट दगावला असेल तर नातेवाईक आधी पोलिसांत धावतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये हलगर्जीपणानं मृत्यू घडवणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पण फौजदारीत हलगर्जीपणा अगदी घोर असावा लागतो, आणि शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचं स्वतंत्र मत आधी घ्यावं लागतं. न झालेली बायोप्सी त्या पातळीला क्वचित पोहोचते. आणि फौजदारीत डॉक्टर सुटला की तोच निकाल ग्राहक आयोगात तुमच्या तोंडावर फेकला जातो.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे मात्र जरूर जा. गोव्यात गोवा मेडिकल कौन्सिल, आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या. तिथे पैसे मिळत नाहीत. ताकीद मिळते किंवा नोंदणी काही काळ स्थगित होते. पण डॉक्टरांना तिथे लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि आयोगात त्यांनी वेगळी कहाणी सांगितली तर दोन्ही कागद शेजारी ठेवता येतात.

दाखल झाल्यावर

तक्रार स्वीकारायची की नाही हे २१ दिवसांत ठरावं, असं कायदा म्हणतो. सामनेवाल्यांना उत्तरासाठी ३० दिवस आणि वाढवून १५. त्या ४५ दिवसांच्या पुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्ये ठरवून दिलं आहे. उत्तर उशिरा आलं तर हरकत घ्या. पुरावा बहुतेक शपथपत्रांवर चालतो, तज्ज्ञाला प्रश्न विचारायचे तेही सहसा लेखी. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात काही वर्षं धरा. मध्येच मध्यस्थीचा प्रस्ताव येईल. विमा कंपनीची रक्कम तेव्हाच पहिल्यांदा टेबलावर येते. ऐकून घ्या, पण पुढच्या दोन वर्षांच्या औषधांचा हिशेब हातात असल्याशिवाय सही करू नका. जिल्हा आयोगाच्या निकालावर राज्य आयोगात अपील ४५ दिवसांत. डॉक्टर अपिलात गेले तर त्यांना निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

एक काम लोक पुढे ढकलतात, कारण बोलायला जड जातं. पेशंटला नीट बोलता येतंय, सही करता येतेय तोवर त्याचं सविस्तर शपथपत्र करून घ्या. कोणत्या दिवशी काय दाखवलं, डॉक्टर काय म्हणाले, कापलेला तुकडा कुणी कुठे टाकला. त्या खोलीत डॉक्टर आणि तो दोघंच होते, हे दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. नोटरी घरी किंवा रुग्णालयात येतात. पेशंट गेला तर कायदेशीर वारस तक्रार दाखल करू शकतात, चालू असलेली पुढे नेऊ शकतात. पण २१ ऑक्टोबरला त्या टेबलावर काय झालं, ते त्याच्याच तोंडचं कागदावर असायला हवं.